दारू, अफू आणि अध्यक्षपदाची निवडणूक

कॉलेजची निवडणूक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गेटवर पोस्टर्स, कॅन्टीनमध्ये फुकटचा वडापाव, कुणाच्या तरी काकांची जीप आणि निकालाच्या दिवशी गुलाल. आज मात्र एका अशा निवडणुकीबद्दल लिहितोय जिथे यातलं काहीच नव्हतं. तरीही तिथे पोरं एकमेकांच्या जिवावर उठत होती. भांडण कशावरून? तर तापाच्या रोग्याचं रक्त काढायचं, की त्याला वाइन पाजायची!

गाव एडिंबरा, स्कॉटलंड. काळ अठरावं शतक. तिथल्या विद्यापीठात 1726 साली वैद्यकीय शाखा सुरू झाली आणि बघता बघता ती युरोपातल्या नावाजलेल्या शाखांपैकी एक झाली. आपल्याला विचित्र वाटेल अशी तिथली एक गोष्ट म्हणजे प्राध्यापकांची कमाई. ती बरीचशी विद्यार्थ्यांनी दर कोर्समागे थेट हातात ठेवलेल्या फीवर चालायची. म्हणजे पोरं एका अर्थी गिऱ्हाईकच. पदवीची परीक्षा लॅटिनमध्ये. वर्गात मास्तर बोलणार, पोरं लिहून घेणार. प्रश्न विचारायला जागा कुठेच नाही.

मग ती जागा पोरांनीच तयार केली. 1734 च्या ऑगस्टमध्ये सहा विद्यार्थ्यांना शरीरशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर मन्रो यांच्याकडून विच्छेदनासाठी एक मृतदेह मिळाला. त्यावर त्यांनी काही आठवडे एकत्र काम केलं. काम संपल्यावर जे कुठलेही विद्यार्थी करतील तेच केलं, म्हणजे सगळे मिळून गुत्त्यात बसले. तिथे कल्पना निघाली की दर पंधरवड्याला कुणाच्या तरी खोलीवर जमायचं. एकाने निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यावर तुटून पडायचं. बस्स, एवढीच कल्पना. 1737 मध्ये त्याचं रीतसर मंडळ झालं, 1776 मध्ये मंडळाची स्वतःच्या मालकीची इमारत उभी राहिली आणि 1778 मध्ये राजाची सनद मिळून ते ‘रॉयल मेडिकल सोसायटी’ झालं. लक्षात घ्या मंडळी, हॉल, ग्रंथालय, पैसा आणि सनद, सगळं विद्यार्थ्यांच्या संस्थेच्या नावावर! ही संस्था अजून चालू आहे आणि अजून विद्यार्थीच चालवतात.

आता निवडणुकीकडे येऊ.

इथे सभासद व्हायचं तर आधी अर्ज, मग सभासदांचं मतदान. सभासद झालात की फक्त मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवायची सोय नाही. प्रत्येकाला लेखी काम यायचं. एका रोग्याची केस, एक वैद्यकीय प्रश्न आणि हिप्पोक्रॅटिसच्या एका सूत्रावर टिपण. निबंध सभेच्या आधी सगळ्यांत फिरायचा. सभेत तो वाचला जायचा आणि मग लेखकाने उभं राहून त्याचा बचाव करायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड रिव्ह्यू, पण साठ-सत्तर लोकांसमोर आणि कमेंट्स तोंडावर. हे निबंध मोठाल्या वह्यांत उतरवून ठेवायचे, म्हणजे तुम्ही तीन वर्षांपूर्वी काय तारे तोडले होते तेही कपाटात हजर.

याच सभासदांमधून दर वर्षी अध्यक्ष निवडले जायचे. अध्यक्ष नव्हे, अध्यक्षच, म्हणजे एकाच वेळी चौघे! ते आळीपाळीने सभेची खुर्ची सांभाळत. मुदत एका वर्षाची. मत देणाऱ्याने उमेदवाराला कितीतरी शनिवार उभं राहून उत्तरं देताना पाहिलेलं असायचं. तो अडचणीत आल्यावर चिडतो का, चूक दाखवली तर मान्य करतो का, दुसऱ्याला बोलू देतो का, हे सगळं आधीच ठाऊक. प्रचाराची गरज काय? वर्षभराची उलटतपासणी हाच प्रचार.

हे वाचून तुम्ही म्हणाल की वा, मग तिथे एकाहून एक सरस माणसं निवडून येत असतील. येत होतीच. अँड्र्यू डंकन नावाचा विद्यार्थी अनेक वेळा अध्यक्ष झाला, इमारतीसाठी त्यानेच खटपट केली आणि पुढे त्याने गरिबांसाठी मोफत दवाखाना काढला. पण खरी गंमत वेगळीच आहे. 1776 मध्ये, म्हणजे नव्या इमारतीच्या पहिल्याच वर्षी, आणि परत 1780 मध्ये या शहाण्या मतदारांनी जॉन ब्राउनला निवडून दिलं.

हा जॉन ब्राउन म्हणजे अजब रसायन. जन्म 1735 चा, घरची गरिबी, लहानपणी विणकराकडे उमेदवारीला ठेवलेला. लॅटिन मात्र फर्डं. त्या जोरावर तो एडिंबरात आला आणि विल्यम कलन या बड्या प्राध्यापकाच्या मुलांची शिकवणी करू लागला. कलनचा तो लाडका शिष्य. पहिल्यांदा अध्यक्ष झाला तेव्हा चाळिशी उलटलेली आणि एम.डी. ची पदवी अजून नाहीच (ती 1779 मध्ये दुसऱ्या विद्यापीठातून मिळवली). पुढे कलनशी त्याचं जे फाटलं ते कायमचं.

ब्राउनला गाऊटचा त्रास होता. डॉक्टरांनी सांगितलं, पथ्य पाळ, हलकं खा, वाइन बंद. त्याने पाळलं, तरी दुखणं उलटलं. मग त्याने बरोबर उलट केलं. चांगलंचुंगलं खाल्लं, वाइन घेतली, अफू घेतली आणि बरं वाटलं. स्वतःच्या एका दुखण्यावरून त्याने अख्खं वैद्यकशास्त्र रचलं. 1780 मध्ये लॅटिनमध्ये पुस्तकही काढलं. सिद्धांत असा की जीवन म्हणजे उत्तेजना. ती प्रमाणात असली तर माणूस निरोगी, जास्त झाली तर एका जातीचे रोग, कमी पडली तर दुसऱ्या जातीचे. आणि बहुतेक रोग कमी पडण्याचेच! म्हणून औषध काय, तर वाइन, व्हिस्की, मांसाचा रस्सा आणि अफू. शेकडो रोगांना एकच व्हेरिएबल. आजार शून्य ते ऐंशीच्या पट्टीवर मोजायचा, मधले चाळीस म्हणजे ठणठणीत.

विद्यार्थी वेडे झाले नसते तरच नवल! एक तर सगळा सिलॅबस एका पानात मावला. दुसरं म्हणजे प्राध्यापकांना शिंगावर घेणारा हिरो मिळाला. आणि तिसरं, औषध चवीला बरं होतं. ब्राउन व्याख्यानाआधी व्हिस्कीत अफूचे थेंब टाकून घ्यायचा अशा गोष्टी सांगतात. कर्जापायी तो तुरुंगात गेला, तर त्याचे विद्यार्थी तिथे जाऊन व्याख्यानं ऐकत.

आता हसू येतं, पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. हॉलमधला वाद रोग्याच्या खाटेपर्यंत पोचला होता. तापाने आजारी पडलेल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या उपचारांवरून दोन्ही बाजूंनी छापील चिखलफेक केली. ब्राउनच्या एका शिष्याने 1781 मध्ये लिहिलं की पोरगा आमच्या पद्धतीने वाचला. 1782 मध्ये डंकनने (हो, तोच माजी अध्यक्ष, आता त्या विद्यार्थ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी एक) जाहीर पत्र छापून त्याला उत्तर दिलं. म्हणजे सोसायटीचे दोन माजी अध्यक्ष एका रोग्याच्या दोन बाजूंना. कुणाचा सिद्धांत जिंकणार यावर जिवंत माणसांच्या पोटात काय जाणार हे ठरत होतं.

हॉलमधली भांडणं इतकी पेटली की गोष्ट द्वंद्वयुद्धापर्यंत जायला लागली. तेव्हा सोसायटीने काय केलं? ब्राउनवाद्यांना हाकललं? नाही. ब्राउनवर बोलायला बंदी घातली? तेही नाही. एक नियम केला. सभेत झालेल्या बोलण्यावरून जो सभासद दुसऱ्याला द्वंद्वाचं आव्हान देईल, त्याची हकालपट्टी. संपलं. बोला काय बोलायचं ते, कितीही कडू बोला, पण ते हॉलमध्येच राहिलं पाहिजे.

मला या सगळ्या इतिहासात हा नियम सर्वांत जास्त आवडतो. कोणाचं खरं हे त्यात ठरवलेलंच नाही. वाद कसा चालू ठेवायचा एवढंच ठरवलंय. जिथे अशी चौकट नव्हती तिथे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. 1802 मध्ये जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठात ब्राउनवादी आणि विरोधक रस्त्यावर भिडले आणि दंगा मोडायला घोडदळ आणावं लागलं असं सांगतात.

ब्राउन 1786 मध्ये लंडनला गेला आणि 1788 मध्ये वारला. त्याचा सिद्धांत चुकीचा होता यात आज शंका नाही. (एवढं मात्र खरं की त्याच्यामुळे काही रोग्यांचं रक्त काढून घ्यायचं टळलं, आणि त्या काळात तेही थोडं नव्हतं.) मग सोसायटीची निवडणूक फसली म्हणायची का?

मला वाटतं, नाही. निवडणुकीने दर वेळी योग्य माणूस निवडावा ही अपेक्षाच चुकीची आहे. आपण सॉफ्टवेअरवाले बग येणारच नाही असं गृहीत धरून सिस्टिम बांधत नाही. बग आला तर दिसेल आणि दिसला तर काढता येईल अशी बांधतो. एडिंबराच्या पोरांनी तेच केलं होतं. अध्यक्ष चार, म्हणून एकट्याच्या हातात सगळं नाही. मुदत एक वर्ष, म्हणून चूक महागात पडली तरी वर्षभरच. निबंध लेखी, म्हणून कोण काय म्हणाला ते नाकारता येत नाही. आणि अध्यक्ष असलात तरी उत्तर द्यावंच लागणार. 1780 मध्ये ब्राउन खुर्चीत होता, पण खुर्चीमुळे त्याचा सिद्धांत खरा ठरत नव्हता.

या शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी एक मुंबईला आला, हे अनेकांना ठाऊक नसतं. जेम्स मॅकिंटॉश 1784 मध्ये एडिंबराला वैद्यकी शिकायला आला आणि पक्का ब्राउनवादी झाला. पुढे आठवणींत त्याने स्वतःची भरपूर थट्टा केली आहे. येऊन तीन महिने नाही झाले, औषधं नीट ओळखता येत नव्हती, पण वैद्यकातल्या अवघड प्रश्नांवर तो छातीठोक बोलत होता. हगवणीच्या उपचारांवर सत्ताधारी आणि विरोधी पक्ष असल्यासारखे ते भांडत, जसं काही साम्राज्याचं भवितव्य ठरतंय! पण त्याच दमात तो म्हणतो की ज्यांत वशिला चालत नव्हता आणि ज्या नुसता उपचार म्हणून उरकता येत नव्हत्या, अशा खऱ्या परीक्षा याच. मॅकिंटॉश 1787 मध्ये डॉक्टर झाला, पण रमला वकिलीत. 1804 मध्ये मुंबईचा न्यायाधीश (रेकॉर्डर) म्हणून आला आणि त्याच वर्षी 26 नोव्हेंबरला परळला त्याने ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ काढली. माणसं जमवायची, निबंध वाचायचे, चर्चा करायची. ओळखीचं वाटतंय ना? हॉर्निमन सर्कलसमोरच्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसून आपण फोटो काढतो, त्या एशियाटिक सोसायटीचं मूळ हेच.

सगळंच गोड होतं असं नाही. सभासदत्वासाठी मतदान म्हणजे नको त्याला बाहेर ठेवायचंही हत्यार. मुंबईच्या त्या सोसायटीत हिंदी माणसाला पाऊल ठेवायला 1840 उजाडलं. एडिंबरात बायकांना तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दार बंद. आतल्यांसाठी लोकशाही, बाहेरच्यांसाठी भिंत.

आता शेवटी आपल्याकडे बघू. 1989 मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकांच्या धामधुमीत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. त्यानंतर काही वर्षांतच महाराष्ट्रात थेट निवडणुका बंद झाल्या. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने काय केलं, तर आदल्या परीक्षेत ज्याला सर्वांत जास्त मार्क तो वर्गाचा प्रतिनिधी. 2016 च्या कायद्याने थेट निवडणुकीची तरतूद परत आणली, पण 2019 मध्ये त्या होणार होणार म्हणता पुढे ढकलल्या गेल्या. खून झाल्यावर दुसरं काय करणार, असं कुणी म्हणेल, आणि ती भीती खोटी नव्हती. पण गंमत बघा. जीप आणि गुलालाच्या निवडणुकीत उमेदवार काय विचार करतो हे कुणी ऐकलं नव्हतं. मार्कांच्या यादीतही कुणी ऐकलं नाही. एकात ताकद मोजली, दुसऱ्यात पाठांतर. ज्याला प्रतिनिधी करायचं त्याला आधी उभं करून प्रश्न विचारायचे, ही मधली पायरी दोन्हीकडे गाळलेली.

आणि मेडिकलच्या बाबतीत ही पायरी गाळणं जास्त महागात पडतं. आज जो विद्यार्थी अध्यक्षाला ‘हे कशावरून?’ विचारू शकत नाही, तो उद्या वॉर्डमध्ये सिनियरला कसा विचारणार? आणि त्याने नाही विचारलं, तर खाटेवर झोपलेल्या माणसाच्या वतीने विचारणार कोण?

निवडणुका घ्या की घेऊ नका हा वाद चालू राहील, राहू दे. माझं म्हणणं एवढंच, की मतपेटीच्या आधी एक खोली हवी, दर पंधरवड्याला एक निबंध हवा आणि भांडण खोलीबाहेर न्यायचं नाही हा नियम हवा. सहा पोरांनी 1734 मध्ये गुत्त्यात बसून सुरुवात केली होती. आपल्याकडे तर कॅन्टीन आहे.