कूपन, मनीऑर्डर आणि एक बंदूक

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शेजारच्या आजी संध्याकाळी दार वाजवून आल्या. त्यांचे यजमान जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि घर हळूहळू रिकामं करायचं काम चाललं होतं. म्हणाल्या, "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना? मग मला एक जाहिरात टाकून दे."

विकायचं काय, तर यजमानांची हरणाच्या शिकारीची शॉटगन!

मी इथे ओहायोत इतकी वर्षं राहतोय, पण बंदूक म्हटलं की आतला कोकणातला मुलगा अजून दचकतो. आमच्या गावी आजोबांकडे एक ठासणीची बंदूक होती. रानडुकरं आणि माकडांपासून पीक वाचवण्यासाठी परवाना मिळालेली. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, नंतर परत आणायची. आजोबा ती गोणपाटात गुंडाळून, परवान्याचं पुस्तक खिशात घालून चालत जायचे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे स्वतःची बंदूक दुसऱ्याला विकायची तर घेणाऱ्याकडे परवाना हवा, आणि विकणाऱ्याने आधी सरकारला लेखी कळवून थांबायला हवं. बंदूक ही वस्तू नसून एक जबाबदारी आहे, आणि ती हातातून हातात जाताना कुणीतरी बघत असतं, हे मी तिथे शिकलो.

इथे मात्र आजींना कुणालाही कळवायचं नव्हतं. एकाच राज्यात राहणाऱ्या दोन खासगी माणसांनी आपसात बंदुकीचा व्यवहार केला, तर केंद्रीय कायदा घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासायला सांगत नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी असे व्यवहारही परवानाधारक दुकानदारामार्फतच व्हावेत असा नियम केला. ओहायोने केलेला नाही. असं का, हे शोधायला बसलो आणि चार रात्री त्यातच गेल्या.

सुरुवात इंटरनेटपासून होत नाही. अनोळखी माणसाकडून, तोंड न बघता बंदूक घेणं अमेरिकेत फार जुनं आहे. कॅटलॉग बघायचा, कूपन कापायचं, पैसे पाठवायचे, बंदूक घरपोच. १९२७ साली काँग्रेसने कायदा करून पिस्तुलं, रिव्हॉल्वरं टपालाने खासगी ग्राहकांना पाठवायला बंदी घातली. पण बंदी टपाल खात्यापुरती होती! खासगी पार्सल कंपन्यांना ती लागूच नव्हती. मग माल रेल्वे एक्स्प्रेसने जाऊ लागला.

ही फट किती मोठी होती ते १९६३ साली कळलं. ली हार्वे ओस्वाल्डने 'अमेरिकन रायफलमन' मासिकाच्या फेब्रुवारीच्या अंकातलं कूपन भरून शिकागोच्या 'क्लाइन्स' या दुकानाकडून इटालियन लष्करी रायफल मागवली. दुर्बिणीसकट किंमत १९ डॉलर ९५ सेंट, वर दीड डॉलर पाठवणावळ. पैसे मनीऑर्डरने, नाव खोटं : ए. हिडेल. पत्ता डॅलसमधली टपालपेटी. त्याच सुमाराला लॉस एंजेलिसच्या एका व्यापाऱ्याकडून त्याने रिव्हॉल्वरही मागवलं. दोन्ही वस्तू एकाच दिवशी, २० मार्चला रवाना झाल्या. रायफल टपालाने, रिव्हॉल्वर रेल्वे एक्स्प्रेसने.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते रिव्हॉल्वरच्या कूपनने. घेणारा अमेरिकन नागरिक आहे आणि त्याला गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही, याला साक्षीदाराची सही त्यावर हवी होती. सही होतीही. डी. एफ. ड्रिटल नावाच्या माणसाची. असा माणूसच नव्हता. ती सही ओस्वाल्डने स्वतःच ठोकली होती! म्हणजे तपासणी होती, पण ज्याची तपासायची त्याच्याच हातात दिलेली.

२२ नोव्हेंबरला त्या रायफलने राष्ट्राध्यक्ष केनेडींना मारलं. पाऊण तासात त्याच रिव्हॉल्वरने एका पोलिसाचा जीव गेला.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) कनेक्टिकटचे सिनेटर थॉमस डॉड यांनी टपालाने होणाऱ्या पिस्तूलविक्रीला लगाम घालणारं विधेयक त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, हत्येच्या आधीच मांडलं होतं. ते रेंगाळलं. पाच वर्षं गेली. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग गेले, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी गेले, आणि मग ऑक्टोबरात लिंडन जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली. परराज्यातून बंदूक थेट घरी मागवणं बंद झालं. बंदुकीवर क्रमांक सक्तीचा झाला. गुन्हेगार वगैरेंना बंदूक विकायला मनाई झाली. पण घेणारा खरं सांगतोय की नाही हे दुकानदाराने तिथल्या तिथे पडताळण्याची देशभराची यंत्रणा यायला आणखी तीस वर्षं लागली. १९९३ च्या ब्रेडी कायद्यानंतर ती नोव्हेंबर १९९८ मध्ये सुरू झाली.

आणि नेमकं तेव्हाच इंटरनेट आलं. १९९९ मध्ये ईबेने बंदुकांच्या जाहिराती बंद केल्या, पण बाजार दुसरीकडे सरकला. तपासणी परवानाधारक दुकानदाराला लागू, खासगी विक्रेत्याला नाही. १९२७ सारखीच फट, फक्त रेल्वे एक्स्प्रेसच्या जागी वेबसाइट.

२०१२ साली विस्कॉन्सिनमध्ये एका बाईने कोर्टाकडून नवऱ्याविरुद्ध संरक्षण मिळवलं. त्या आदेशामुळे त्याला बंदूक बाळगायला मनाई होती. दुकानात गेला असता तर तपासणीत अडकला असता. त्याने वेबसाइटवर खासगी विक्रेता शोधला, पार्किंग लॉटमध्ये भेटून रोख पैसे दिले, आणि दुसऱ्या दिवशी, २१ ऑक्टोबरला, ब्रुकफील्डमधल्या एका स्पामध्ये बायकोसह तिघींना मारून स्वतःला संपवलं. वेबसाइटला जबाबदार धरता येत नाही, असा निकाल २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला.

त्या पार्किंग लॉटमधल्या विक्रेत्याचा विचार माझ्या डोक्यातून जाईना. उद्या आजी तिथे उभ्या असत्या तर?

मी आजींना सांगितलं, जाहिरात टाकतो, पण त्यात एक ओळ माझी : व्यवहार परवानाधारक दुकानातच होईल. खासगी विक्रेतासुद्धा थोडी फी भरून दुकानदाराकडून तपासणी करवून घेऊ शकतो. घराचा पत्ता द्यायचा नाही, अंधारात भेटायचं नाही, क्रमांक लिहून ठेवायचा, पावती घ्यायची. आजी म्हणाल्या, "एवढं कशाला? इथे सगळे चांगलेच लोक आहेत."

मग मी त्यांना क्रमांकाचं सांगितलं. बंदूक कुठे गुन्ह्यात सापडली तर पोलीस वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या केंद्राकडे चौकशी करतात. मालकांची केंद्रीय यादी ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. म्हणून माग निघतो तो कारखान्याकडून दुकानाकडे, आणि दुकानाकडून पहिल्या गिऱ्हाइकाकडे. बंद पडलेल्या दुकानांची दप्तरंही तिथेच जमा होतात. यजमानांनी ती शॉटगन १९७४ मध्ये गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून घेतली होती. माग निघाला तर यांच्या नावाशी येऊन थांबेल. आजी गप्प झाल्या.

पहिला फोन आला तो माणूस फार गोड बोलला. दुकानाची अट ऐकल्यावर म्हणाला, शंभर डॉलर जास्त देतो, रोख, दुकान वगैरे नको. आजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी नाही म्हटलं. तो परत फिरकला नाही. कदाचित त्याला नुसता कागदांचा कंटाळा असेल. कोण जाणे.

आठवड्याने दुसरा आला. दुकानदाराने आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, मग त्या माणसाने फॉर्म भरला, फोनवर तपासणी झाली. सगळं मिळून अर्धा तास. आजी त्या बंदुकीच्या दस्त्यावरून एकदा हात फिरवून बाहेर आल्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "त्याला आवडलं असतं हे."

मला आजोबा आठवले. गोणपाट, खिशातलं पुस्तक, आणि ठाण्यापर्यंतची ती तीन मैलांची चाल. लहानपणी मला ती निव्वळ कटकट वाटायची.