मागून ढकलणारे पंखे

बेंगळुरूत विमानांचा कारखाना उभा राहिला तो १९४० साली, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या हिकमतीने आणि म्हैसूर संस्थानाच्या पैशाने. ‘सरस’ या विमानाची कुळी मात्र त्या कारखान्यातली नाही. त्याच शहरातल्या एनएएल या प्रयोगशाळेने हे विमान योजलं: चौदा आसनं, दोन टर्बोप्रॉप इंजिनं आणि जेटपेक्षा कमी इंधनात जमेल तितका वेग.

टर्बोप्रॉपमध्ये जेटसारखंच टर्बाइन असतं, पण ते गिअरबॉक्समधून पंखा फिरवतं. सरसचे पंखे मात्र पुढे नव्हेत, शेपटाकडे. पंखा पुढे असला की त्याने घुसळलेली हवा विमानाच्या पंखावर येते आणि त्याची घरघर प्रवाशांच्या कानाशी बसते. मागे नेला की पंखाला स्वच्छ हवा मिळते आणि केबिन शांत राहते. इटलीच्या पियाजिओ कंपनीचं अवांती १९८६ साली याच जोरावर उडालं आणि ताशी ७०० किलोमीटरच्या पुढे गेलं. सरसच्या पहिल्या नमुन्याला इंजिनंही त्याच जातकुळीची मिळाली, पीटी६ए-६६. किंमत अर्थात मोजावी लागते: इंजिनाचा भार मागे जातो आणि पंख्याला पुढून आलेली विस्कटलेली हवा कापावी लागते.

सरसच्या कामात आधी रशियन मायासिश्चेव्ह कंपनी भागीदार होती. सोव्हिएत संघ कोसळला आणि ती बाजूला झाली. १९९८च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकी निर्बंध आले. तरी १९९९ साली सरकारी मंजुरी मिळाली आणि २९ मे २००४ रोजी सरस उडालं. ठरल्यापेक्षा सुमारे ९०० किलो जड! इंधन वाचवायला निघालेल्या विमानाचं हे दुखणं साधं नव्हे. दुसऱ्या नमुन्याला म्हणून १२०० अश्वशक्तीची इंजिनं बसवली.

तोच नमुना ६ मार्च २००९ रोजी बिडदीजवळ कोसळला. उड्डाणात बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू करण्याची चाचणी चालली होती. हवाई दलाचे दोन वैमानिक आणि एक चाचणी अभियंता गेले. इंजिन चालू करण्याची ठरवून दिलेली पद्धतच चुकीची होती, असं चौकशीत निघालं. म्हणजे चूक कागदावरची, आणि जीव गेले ते आकाशात असलेल्यांचे.

काम पुढे रखडलं. जुना पहिला नमुना दुरुस्त करून २४ जानेवारी २०१८ रोजी पुन्हा उडवला. त्यानंतरचा आराखडा १९ आसनांचा. आता डोळा आहे तो छोट्या गावांच्या धावपट्ट्यांवर.