गागोद्याचे काका आणि रोह्याची फेरी

मनुष्यास स्वतःची ओळख कोठून होते, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा गुहेत आणि एकांतात सोडवला गेला. परंतु पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या परस्परांना लागून असलेल्या तालुक्यांत जन्मलेल्या दोन पुरुषांनी त्याचे उत्तर परक्या माणसाच्या उंबऱ्यावर शोधले, आणि त्यासाठी आयुष्य खर्ची घातले.

पेण तालुक्यातील मौजे गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म झाला. आजोबा शंभुरावांच्या त्या व्रतस्थ घरात एक वृद्ध, अंध गृहस्थ राहत. घरातली मुले त्यांना काका म्हणत, आणि त्यांची उठबस घरच्या वडीलधाऱ्यासारखीच होई. पुढे कुटुंब बडोद्यास गेल्यावर गागोद्याहून त्यांच्या निधनाची वार्ता आली. तेव्हा घरात कोणी स्नान केले नाही, सुतक पाळले नाही, म्हणून मुलाने आईस कारण विचारले. रुक्मिणीबाईंनी सांगितले, की ते आपल्या नात्यातले नव्हतेच; त्यांना कोणी नव्हते, म्हणून ते आपल्याकडे राहत. इतकी वर्षे ज्यांना सख्खे चुलते मानले ते परके होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर कळावे, आणि तोवर घरातल्या एकाही वागणुकीतून त्याची चाहूल लागू नये, याहून मोठा संस्कार मला ठाऊक नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ साली असे प्रतिपादन केले, की इतरांच्या नजरेत आपण कसे दिसत असू, या अनुमानातून मनुष्याची स्वतःविषयीची कल्पना घडते. सिद्धान्त मार्मिक आहे. पण गागोद्याच्या काकांना दृष्टीच नव्हती. त्यांच्या सान्निध्यात मुलाचे मन घडले ते कोणाच्या पाहण्याने नव्हे, तर त्यांच्यासाठी घरात नित्य जे केले जाई त्याने. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीस पहिले भूदान मिळाल्यावर विनोबा वर्षानुवर्षे पायी हिंडले आणि घरातलाच एक मुलगा समजून जमिनीचा वाटा द्या, असे जमीनदारांना विनवीत राहिले. त्या विनवणीचे मूळ मला या घरात दिसते.

रोह्यास १९ ऑक्टोबर १९२० रोजी जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांनी तर काही मागायचेच नाही, असे ठरवले. वडील वैजनाथशास्त्री यांनी १९२६ साली मुंबईच्या माधवबागेत स्थापन केलेल्या गीता पाठशाळेची धुरा त्यांनी १९४२ पासून वाहिली. पण केवळ प्रवचनावर ते थांबले नाहीत. १९५८ मध्ये गुजरातेत भक्तिफेरी सुरू झाली. त्यांचा अनुयायी, म्हणजे स्वाध्यायी, आपला प्रवासखर्च आपण करतो, शिदोरी बरोबर नेतो, अनोळखी घरी जाऊन बसतो, तुमच्या-माझ्या अंतरी एकच देव वसतो एवढे बोलतो, आणि वर्गणी न मागता परततो. घेणे नाही, देणे नाही, अधिकार नाही, तेव्हा त्या ओसरीवर माणसाचा हुद्दा, जात आणि विद्वत्ता निरुपयोगी ठरते. जे उरते ते त्याचे त्यालाच पाहावे लागते. पुढे याच भावनेतून योगेश्वर कृषी ही सामुदायिक शेती उभी राहिली, जेथे गावकरी आळीपाळीने पुजारी म्हणून राबतात, आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांत मत्स्यगंधा या सामुदायिक नौका आल्या.

सामुदायिक नेतृत्वासाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार १९५८ साली प्रथमच दिला गेला, तो विनोबांना. १९९६ साली तोच पुरस्कार पांडुरंगशास्त्र्यांना मिळाला.