हँडल किती रुंद असावं? माउंटन बाइकच्या एका मापाचा इतिहास

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या मुलीसाठी एक वापरलेली, पण चांगल्या स्थितीतली माउंटन बाइक घेतली. मुलगी सतरा वर्षांची, उंची पाच फूट एक इंच. सायकलचं हँडल ७८० मिलीमीटर रुंद. दोन दिवस चालवून ती म्हणाली, "अब्बू, हात एवढे फाकवून बसायचं म्हणजे खांदे भरून येतात."

माझे अब्बा साताऱ्यात सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचे. त्या दुकानात मी लहानाचा मोठा झालो, त्यामुळे सायकलीतलं आपल्याला कळतं असा माझा समज. १९९० च्या दशकात मी स्वतः चालवलेल्या माउंटन बाइकचं हँडल ५८० मिलीमीटरचं होतं. 'हँडल खांद्याएवढं' हा नियमही मला पाठ होता. मी करवत काढली आणि दोन्ही टोकांचे शंभर-शंभर मिलीमीटर उडवून टाकले.

पुढच्या रविवारी यवतेश्वराच्या बाजूच्या मातीच्या उतारावर ती पडली. एका साध्या दगडावर पुढचं चाक आपटलं, हँडल हातात फिरलं आणि सायकल आडवी झाली. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. पण सायकल उचलताना ती म्हणाली, "ही आता ऐकतच नाही माझं." त्यानंतर तीन आठवडे तिने सायकलला हात लावला नाही.

चूक माझीच होती, हे उघड आहे. पण ती नेमकी कुठे झाली? ७८० तिला जास्त होतं, हे खरं. ५८० वर मी कितीतरी वर्षं डोंगर चढलो-उतरलो, हेही खरं. मग तेच माप तिला का चाललं नाही? याचं उत्तर शोधताना मला माउंटन बाइकचा जवळजवळ अर्धशतकाचा इतिहास वाचावा लागला. हँडलसारख्या साध्या नळीची रुंदी या काळात एकदा कमी झाली, पुन्हा वाढली, आणि दरवेळी त्याला कारण होतं.

सुरुवात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात झाली. सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडला की मरीन काउंटी लागते. तिथे ७८४ मीटर उंचीचा माउंट टॅमलपाइस आहे आणि त्याच्या परिसरात वणवा विझवण्यासाठी काढलेले मातीचे रस्ते आहेत. १९७० च्या दशकात तिथली काही तरुण मंडळी १९३० आणि ४० च्या दशकांतल्या जुन्या श्विन सायकली भंगारातून उचलून आणायची. जाड फुगीर टायरच्या, वीस किलोच्या आसपास वजनाच्या या सायकलींना ते 'क्लंकर' म्हणत. त्या घेऊन ते डोंगरावरून खाली सुटायचे.

फेअरफॅक्स गावाजवळच्या एका रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत घेतली. सुमारे ३.४ किलोमीटरचा रस्ता आणि जवळपास ४०० मीटरचा उतार. या सायकलींचा ब्रेक पायडल उलटं दाबून लागायचा. उतार संपेपर्यंत हबमधलं ग्रीस तापून त्याचा धूर व्हायचा आणि मग हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. ग्रीस पुन्हा भरणं म्हणजे 'रीपॅक', म्हणून रस्त्याचं नावही रीपॅक पडलं. गॅरी फिशर यांनी हा उतार ४ मिनिटं २२ सेकंदांत पार केला, जो ब्रीझ यांना दोन सेकंद जास्त लागले. स्त्रियांमधली सर्वोत्तम वेळ वेंडी क्रॅग यांची, ५ मिनिटं २७ सेकंद. त्या काळातली ज्या छायाचित्रांतून ही मंडळी आज आपल्याला दिसतात, त्यातली कितीतरी याच बाईंनी काढलेली आहेत.

या सायकलींवर मोटारसायकलच्या घाटाचं रुंद हँडल असायचं आणि बऱ्याचदा मोटारसायकलचेच ब्रेक लिव्हर. शौक म्हणून नव्हे, गरज म्हणून. सायकल जड, पुढे सस्पेन्शन नाही, रस्ता दगडगोट्यांचा. चाक दगडावर आपटलं की हँडलला झटका बसतो, आणि तो हातांनीच अडवायचा असतो. हात जितके लांब, तितका झटका अडवणं सोपं. पाना लांब असला की घट्ट बसलेला नट कमी जोरात फिरतो, तोच हिशेब.

१९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी अशा डोंगरी वाटांसाठी नव्याने फ्रेम बांधली. टॉम रिची यांनी १९७९ पासून फ्रेमचं काम हाती घेतलं आणि गॅरी फिशर व चार्ली केली त्या सायकली विकू लागले. रिचींच्या त्या सायकलींवरचं 'बुलमूस' हँडल प्रसिद्ध आहे. हँडल आणि त्याला फ्रेमशी जोडणारा स्टेम, दोन्ही एकत्र वेल्ड केलेलं ते त्रिकोणी हँडल. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली स्टम्पजंपर बाजारात आली आणि माउंटन बाइक मोठ्या संख्येने दुकानात मिळू लागली. तेव्हाची हँडलं साधारण ७० सेंटिमीटरच्या आसपास रुंद होती.

म्हणजे माउंटन बाइक जन्माला आली ती रुंद हँडल घेऊनच. मग माझ्या सायकलला ५८० कुठून आलं?

ते शर्यतींतून आलं. १९८० च्या दशकात माउंटन बाइकच्या शर्यती वाढल्या, आणि उतारापेक्षा चढावर शर्यत जिंकली जाऊ लागली. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या डुरँगो इथे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची पहिली माउंटन बाइक विश्वस्पर्धा झाली, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. या शर्यतींत रस्त्यावरच्या सायकलिंगच्या सवयी आल्या. अंग पुढे ताणून, पाठ वाकवून बसायचं. स्टेम १२० ते १५० मिलीमीटर लांब. हँडल ५६० ते ५८०, त्यातून वजनही थोडं वाचतं आणि दाट झाडांमधून निघायलाही बरं. चढाला धरण्यासाठी टोकांना शिंगांसारखे बार-एंड. जॉन टोमॅक हे रस्त्यावरच्या शर्यतींतही धावायचे. १९९० च्या हंगामात त्यांनी माउंटन बाइकला चक्क रस्त्यावरच्या सायकलचं खाली वळलेलं हँडल लावलं होतं. 'हँडल खांद्याएवढं' हा माझा पाठ नियमही मुळात रस्त्यावरच्या सायकलचा. तिथे वारा कापायचा असतो, दगड नव्हे.

आणि ५८० चालायचं, कारण बाकीची सायकल त्याला साथ द्यायची. लांब स्टेममुळे चाक वळवताना हात नुसते फिरत नाहीत, बाजूलाही सरकतात. त्यामुळे वळणं संथ, स्थिर होतं. अरुंद हँडलचा हलकेपणा लांब स्टेम भरून काढतो. ती एक जोडी होती.

ही जोडी मोडली ती उतारावरच्या शर्यतींमुळे. डाउनहिलवाल्यांनी मोटोक्रॉसकडून पुष्कळ उचललं, रुंद आणि थोडं वर उचललेलं हँडलही. पुढचं सस्पेन्शन सुधारत गेलं, डिस्क ब्रेक आले, वेग वाढला. वेग वाढल्यावर पुढच्या चाकावर ओणवं बसणं धोक्याचं ठरू लागलं, कारण चाक अडलं की माणूस हँडलवरून पलीकडे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गॅरी फिशर यांच्याच कंपनीने फ्रेमची वरची नळी लांब आणि स्टेम आखूड करून पाहिला. पुढे स्पेनच्या मोंड्रेकर कंपनीने तर अवघ्या १० मिलीमीटरच्या स्टेमपर्यंत मजल मारली. फोर्कचा कोन पूर्वी ७१ अंशांच्या आसपास असे, आज उताराच्या सायकलींवर तो त्याहून बराच कमी असतो. चाकं २६ इंचांवरून २९ वर गेली. आखूड स्टेम, पुढे फेकलेला फोर्क आणि मोठं चाक हे सगळं ताब्यात ठेवायला पुन्हा लांब दांडी लागली. म्हणून ६८०, मग ७१०, ७४०, आणि आज दुकानात सर्रास ७६० ते ८००.

आता माझी चूक नीट सांगता येते. मुलीची सायकल नव्या जोडीतली. स्टेम ५० मिलीमीटरचा, फोर्क पुढे फेकलेला. तिच्यावर मी जुन्या जोडीतलं माप लादलं. हिशेब सोपा आहे. ७८० च्या हँडलवर मध्यापासून हाताचं अंतर ३९० मिलीमीटर, ५८० वर २९०. म्हणजे दगडाचा तोच झटका थोपवायला तिला सुमारे एक तृतीयांश जास्त जोर लावावा लागत होता. शिवाय दहा अंश वळायला ७८० वर हात साधारण ६८ मिलीमीटर सरकतो, ५८० वर ५१. हात जरा हलला की चाक जास्त वळतं. स्टेमही आखूड, त्यामुळे सांभाळून घेणारं काहीच नाही. 'ऐकत नाही' हे तिचं वर्णन अगदी बरोबर होतं.

पण दुकानातून आलेलं ७८० तिच्यासाठी बरोबर होतं, असंही नाही. बरेच कारखानदार एकाच मॉडेलच्या लहान-मोठ्या फ्रेमवर एकाच रुंदीचं हँडल बसवतात, आणि ते जास्त ठेवतात, कारण जास्त असलेलं कापता येतं. ते कापायचं काम चालवणाऱ्यावर सोडलेलं असतं. सहा फुटी माणसाला आरामशीर वाटणाऱ्या हँडलवर पाच फूट एक इंचाच्या मुलीचे हात ताठ होतात, कोपरं वाकत नाहीत, अंग पुढे ओढलं जातं. ताठ हात झटका जिरवत नाहीत, तो सरळ खांद्यात आणि मानेत जातो.

मी नवं हँडल आणलं, पुन्हा ७८० चंच. या वेळी पद्धत बदलली. कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

आधी तिला जमिनीवर जोर काढायच्या स्थितीत हात टेकवायला सांगितले, जिथे सर्वात जास्त ताकद वाटेल तिथे. दोन्ही तळव्यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर भरलं ७०० मिलीमीटर. हे उत्तर नव्हे, शोध कुठून सुरू करायचा त्याची खूण आहे. मग हँडल न कापता मुठी आणि ब्रेक लिव्हर दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिलीमीटर आत सरकवले. बोल्टने आवळायच्या आणि टोकाला उघड्या मुठी असतील तरच हे जमतं. टोकं बाहेर राहतात आणि ती लागू शकतात, म्हणून ही चाचणी मोकळ्या मैदानावर, सावकाश. काही दिवस ७६०, मग ७४०, ७२०, ७००. प्रत्येक मापावर तीच चढण, तेच वळण, तोच छोटा उतार. ७०० वर चाक पुन्हा चुळबुळ करू लागलं. ७२० वर तिची कोपरं आपोआप वाकलेली राहत होती आणि खांदे दुखत नव्हते.

मगच करवत. त्याआधी कारखानदाराने सांगितलेली किमान रुंदी पाहावी, आणि कापल्यावर मूठ, ब्रेक आणि गिअर बसायला नळीचा सरळ भाग पुरेल ना, हे तपासावं. दोन्ही बाजूंनी सारखं कापावं, शंका असेल तर एका वेळी पाच-पाच मिलीमीटरच. कापलेली कड कानशीने घासून टोकाला बूच बसवावं, कारण पडल्यावर उघडी नळी पोटात घुसू शकते. कार्बनचं हँडल असेल तर बारीक दातांची पात लागते, सवय नसेल तर ते जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावं. आणि हँडल वीस मिलीमीटर रुंद केलं तर अंग पुढे ओढलं जातं, त्यासाठी स्टेम साधारण दहा मिलीमीटर आखूड करावा, असा एक ढोबळ नियम आहे. ढोबळच, पण हँडल आणि स्टेम जोडीने बघायचे असतात, हे तो लक्षात आणून देतो.

माझा ५८० चा नियम खोटा नव्हता. तो ज्या सायकलसाठी, ज्या शर्यतीसाठी, ज्या बसण्यासाठी तयार झाला, तिथे तो चोख होता. मी तो तिथून उचलला, त्याचं कारण मागेच सोडलं आणि नुसता आकडा घेऊन मुलीसमोर उभा राहिलो. वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या किती गोष्टी आपण अशाच पुढे देत असतो, याचा विचार तिच्या कोपरावर मलम लावताना माझ्या मनात आला.

अब्बांच्या दुकानात मोजपट्टी भिंतीवर खिळ्याला टांगलेली असायची आणि करवत पेटीच्या तळाशी. करवत काढायची तर आधी सगळी हत्यारं बाहेर काढावी लागत. ही मांडणी गैरसोयीची वाटून मी लहानपणी बऱ्याचदा कुरकुर केली होती. आता माझ्याही पेटीत करवत तळाशी आहे.

परवा मुलगी त्याच उतारावरून उतरून आली. खाली थांबून तिने हँडलकडे पाहिलं आणि म्हणाली, "अब्बू, ब्रेकची दांडी अजून जरा आत घ्या, माझी बोटं लहान आहेत." तेही माप घ्यायचं राहिलंच होतं.