ताईच्या कडेवरचा भाऊ

आई कामावर गेली की धाकट्याला कोण सांभाळायचं? पूर्वी उत्तर ठरलेलं असायचं – मोठी बहीण. सात-आठ वर्षांची पोर आणि कडेवर भाऊ. पुढे भाऊ शाळेत जायचा. ताईचं शाळेचं वय मात्र निघून गेलेलं असायचं.

ही अडचण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ओळखली. १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे डहाणू तालुक्यात कोसबाडला, आदिवासी पाड्यांसाठी, त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचं नाव विकासवाडी. भाऊ पाळणाघरात, ताई वर्गात. मुलगी शाळेत का येत नाही म्हणून तिला रागावण्यापेक्षा त्यांनी तिच्या कडेवरचा भार उतरवला.

२ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. पण ती काही तासच भरते. भातलावणीला, ऊसतोडीला आई दिवसभर बाहेर असते, तेव्हा ताई अजूनही घरी थांबते.

म्हणून पुढच्या बैठकीत बचतीच्या हिशोबाआधी एवढं विचारू या: आपल्या गटात कोणाची मुलगी भावंडापायी शाळा बुडवते? आणि ते लेकरू आपल्यापैकी कोण, कोणत्या दिवशी सांभाळेल?