१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकी पूर्ण वर्गसंख्या. १११११११११ या नऊ एककांच्या संख्येचा वर्ग. उलटसुलट वाचली तरी तीच. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थाननामांप्रमाणे तिचा पहिला अंक ‘मध्य’ स्थानी येतो, म्हणजे परार्धाच्या एक घर अलीकडे.

देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा वर्गांना ‘अद्भुत डेमलो संख्या’ म्हटले. रचनेचे गुपित साधे आहे. गुणाकार कागदावर मांडला की एककांच्या नऊ ओळी एकेक घर सरकत उतरतात. उभ्या स्तंभांच्या बेरजा १, २, ३ अशा ९ पर्यंत चढून पुन्हा १ वर येतात आणि हातचा कुठेच लागत नाही. दहा एकक घेतले की मधल्या स्तंभात १० येतात, हातचा पुढे जातो व मांडणी मोडते : १२३४५६७९००९८७६५४३२१.

मूळ अवयव ३⁴ × ३७² × ३३३६६७², विभाजक ४५. अंकांची बेरीज ८१, तीही वर्गच. ८१ ने भागल्यास १२३४५६७९ चा वर्ग उरतो. या संख्येत ८ नाही, हे हौशी गणितींचे जुने कौतुक. याच कुळातील १२३४५६५४३२१ चे वर्णन नवव्या शतकातील महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त आढळते.