अनवट राग का गावेत?

आमच्या छत्रपती संभाजीनगरात एखादी मैफल आटोपली, की घरी परतताना कोणीतरी हमखास म्हणतो, “गाणं चांगलं झालं हो, पण ओळखीचं काही गायलेच नाहीत!” ही तक्रार खोटी नव्हे. यमन, भूप, मालकंस सुरू झाला की माना आपोआप डोलू लागतात. मग जे राग क्वचितच कानी पडतात, ज्यांना आपण अनवट राग म्हणतो, ते निवडण्याच्या भरीस गवयाने का पडावे?

याचे उत्तर शोधायला कोल्हापुरास जावे लागते. उस्ताद अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) हे मूळचे राजस्थानातील उणियाऱ्याचे. उमेदीच्या काळात अति गाण्याने त्यांचा आवाज बसला. दुसरा एखादा गाणे सोडून देता. खाँसाहेबांनी त्या आवाजाला पेलेल अशी पेचदार गायकी घडवली. पुढे शाहू महाराजांच्या आश्रयाने ते कोल्हापूर दरबारी राहिले. त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याचे मोठे धन म्हणजे अनवट व जोड राग.

यात अवघड ते काय? नेहमीच्या मालकंसात रिषभ आणि पंचम नाहीत. संपूर्ण मालकंसात ते दोन्ही येतात, आणि तरीही मालकंसाची मुद्रा पुसता कामा नये. बसंती केदारात बसंत व केदार एकत्र नांदतात, पण सांधा दिसू द्यायचा नाही. हे पुस्तकातून येत नाही. पंडित भातखंडे (१८६०–१९३६) यांनी असंख्य चिजा स्वरलिपीत उतरवून आपल्यावर मोठे उपकार केले. परंतु लिपीत स्वर राहतात. रागाची चाल गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जाते. एका पिढीने राग गायला नाही, तर पुढची पिढी शिकणार कोणाकडून?

म्हणून केसरबाई केरकर (१८९२–१९७७), मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) आणि मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) यांनी हे राग मैफलीत मांडले, ही नुसती विद्वत्तेची मिरवणूक नव्हती. शेतकरी सुगीतले चार दाणे बियाण्यासाठी राखतो, तसेच हे.

पण बियाणे पेरायला रान हवे, आणि ते रान म्हणजे आपण. कोणी ऐकणारेच नसेल तर गवई तरी किती दिवस गाईल? तेव्हा रेडिओवर अपरिचित रागाचे नाव ऐकू आले, तर लगेच बटण फिरवू नका. शिक्षकांनी एक करून पाहावे. मुलांना आधी साधा मालकंस ऐकवावा, मग संपूर्ण मालकंस. दोहोंत काय वेगळे वाटले, एवढेच विचारावे. नावे त्यांना ठाऊक नसली तरी चालेल. फरक कान सांगतील. ज्याला फरक कळला, तो पुढच्या मैफलीत “ओळखीचं गा” म्हणणार नाही. “ते परवाचं पुन्हा गा” म्हणेल.